चेकाय

सर्बियाहून कोच येणार म्हणून
क्लबने माझ्या स्कूटरला नवा आरसा बसवून दिला.
गाडीतून उतरताना उजवा पाय आधी,
मग जरा थांबून डावा,
घरातल्या आजाऱ्याला हात धरून उतरवावं तसा.

दोब्रिवोये ल्युतिच.
दांडिया बझारात कुणाच्या तोंडी बसलं नाही ते नाव.
पानवाल्याने ‘दोबरी’ केलं, कमिटीने ‘लुतीचसाहेब’,
आणि मावशी म्हणाली,
नाव काही असो, माणूस लुच्चा वाटत नाही.

मी दुभाष्या.
त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, फाटक्या जाळीचं.
त्यात अडकेल तेवढं
थोडं गुजरातीत, थोडं हिंदीत,
आणि राग आला की मराठीत
मी पोरांना वाटून टाकायचो.

कारकीर्द त्याने कागदी रुमालावर लिहून दाखवली,
सेव-उसळच्या दुकानात, तर्रीचा डाग चुकवत.
एकोणीस वर्षं. आठ क्लब. चारशे अकरा सामने.
सुरुवात एका गावापासून,
जिथे सप्टेंबरात अख्खी गल्ली मिरच्या भाजते.
मग ग्रीस, सायप्रस, कझाकस्तान,
तिथे गोलपोस्टला हात लावला तर चिकटायचा.
गोल तीन.
इथे पेन थांबलं.
मग प्रामाणिकपणे, बारीक अक्षरात,
त्यातले दोन आपल्याच जाळ्यात.

पहिल्याच सकाळी चेंडू भिंतीवरून विश्वामित्रीत गेला.
पोरं काठाशी. कुणी उतरेना.
मी म्हटलं, मगर आहे.
त्याला वाटलं, ही आमच्याकडची म्हण असेल.
मग ते लाकूड हललं.

तो बघत बसला. प्रॅक्टिस राहिली, ऊन चढलं,
चेंडू तिच्या नाकाशी डुलत होता
आणि ती ढिम्म.
शेवटी तो जे बोलला
ते एकच वाक्य मी वर्षभरात काही न घालता पोचवलं:
‘ही माझ्यापेक्षा चांगली सेंटर बॅक.’

त्यानंतर रोज एकच शब्द. चेकाय.
त्यांच्या भाषेत, थांब.
तो ओरडायचा आणि आमची मराठी पोरं वळून विचारायची, काय?
बाकीची, शुं, सर?
विचारायला म्हणून का होईना, थांबायची.
‘पुढच्याला माहीत असतं त्याला काय हवंय.
तुला एवढंच कळू दे
की त्याला घाई आहे.’

विनेश राठवाला नाही कळलं.
छोटा उदेपूरकडचा पोरगा, होस्टेलचा, गुडघ्यापासून वर नुसता लांब.
चेंडू दिसला की सुटायचाच.
ल्युतिच त्याच्या मागे उभा राहायचा,
खांद्यावर हात, अर्धा अर्धा तास,
बैल धरावा तसा.

जानेवारीपासून पगार बंद.
पाइपवाले शेठ फोन उचलेनात.
मी घसा खाकरून सांगायला गेलो
तर म्हणाला, राहू दे,
हे वाक्य मला सहा भाषांत येतं.
आणि शंकू मांडायला गेला.

मार्चातली मॅच. पोलो ग्राउंड, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, शून्य-शून्य.
कॉर्नर आला. विनेश थांबला नाही.
उंच उडाला, सुरेख हेडर मारलं,
आपल्याच गोलकीपरला चकवून.

शिट्टीनंतर तो तोंडावर शर्ट ओढून पडला होता.
ल्युतिच चालत गेला.
खाली बसायला त्याला वेळ लागतो,
आधी उजवा गुडघा, मग दुसऱ्याची समजूत.
बसला, शर्ट बाजूला केला, दोन बोटं दाखवली.
मी धावत पोचलो भाषांतराला, धापा टाकत,
तोवर पोरगं नाक पुसत हसत होतं.

आता तो व्हिएतनामकडे कुठेतरी असतो म्हणतात.
आरसा अजून आहे. एक तडा.

सकाळी गॅसवर दूध वर येतं
आणि मी नुसता बघत उभा राहतो.
बायको आतून ओरडते.
मी म्हणतो, चेकाय.
ती म्हणते, काय?